विश्लेषण : ‘भारताचा लुई आर्मस्ट्राँग’ चिक चॉकलेट कोण होते? मुंबईच्या स्विंग जॅझने हिंदी चित्रपटगीत कसे बदलले?

घाटकोपरमधील लग्नाची वरात असो की गणेशोत्सवातील ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम, ‘अलबेला’ चित्रपटातील गाण्यांचे सूर लागले की तीन पिढ्यांचे पाय एकदम ठेका धरतात. ही गाणी सी. रामचंद्र यांची आणि ती पडद्यावर नाचली भगवानदादांनी, हे बहुतेकांना ठाऊक असते. मात्र याच चित्रपटातील एका गाण्यात भगवानदादा आणि गीता बाली यांच्याबरोबर झालरीच्या बाह्यांचे कपडे घातलेले काही वादक दिसतात. त्यांच्यात ट्रम्पेट घेऊन दिसणारा माणूस कोण, हे फार थोड्यांना सांगता येते. हा माणूस म्हणजे चिक चॉकलेट. मुंबईच्या बड्या हॉटेलांत गाजलेला हा स्विंग शैलीचा वादक चित्रपटसंगीतात कसा आला, त्याने तेथे काय केले आणि त्याचे नाव मागे का पडले, याविषयी…

चिक चॉकलेट कोण होते?

चिक चॉकलेट यांचे खरे नाव अँटोनियो झेवियर वाझ. त्यांचा जन्म १९१६ मध्ये गोव्यात बार्देश तालुक्यातील हळदोणे, म्हणजेच अल्दोना या गावी झाला. तेव्हा गोव्यावर पोर्तुगिजांची सत्ता होती. आई त्यांना लाडाने ‘चिको’ म्हणत असे. पोर्तुगीज भाषेत याचा अर्थ लहानगा. त्याचेच पुढे ‘चिक’ झाले. मुलाने मेकॅनिक व्हावे, हाताला खात्रीचे काम असावे, अशी आईची इच्छा होती. मुलाचा जीव मात्र ट्रम्पेटमध्ये आणि अमेरिकी वादक लुई आर्मस्ट्राँग यांच्या तबकड्यांमध्ये अडकला होता.

पुढे मुंबईत त्यांनी स्वतःचा बँड उभा केला, ताजमहाल हॉटेलसारख्या ठिकाणी वादन केले, चित्रपटांत संगीतकारांचे सहायक म्हणून काम केले आणि तीन हिंदी चित्रपटांना स्वतःच्या नावाने संगीतही दिले. १९६७ च्या मे महिन्यात, वयाच्या अवघ्या ५१व्या वर्षी त्यांचे निधन झाले. ट्रम्पेटवादनाची ढब, घोगऱ्या आवाजातील गाणे आणि वाजवताना पांढऱ्या रुमालाने कपाळावरचा घाम टिपण्याची लकब, या सगळ्यामुळे त्यांना ‘भारताचा लुई आर्मस्ट्राँग’ म्हटले जाई.

इतके गोवेकर वादक कसे घडले?

चिक यांची गोष्ट एकट्याची नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबई, कोलकाता, कराची, लाहोर, रंगून अशा शहरांतील हॉटेले, क्लब, मूकपटांची चित्रपटगृहे आणि संस्थानिकांचे बँड येथे गोवेकर वादक मोठ्या संख्येने होते. याचे मूळ गोव्यातील चर्चशी जोडलेल्या शाळांत आहे. या शाळांत मुलांना लहानपणीच पाश्चात्त्य पद्धतीचे सूरलेखन वाचायला शिकवले जाई. आधी स्वर तोंडाने म्हणायचे, मग व्हायोलिन हाती घ्यायचे, अशी शिकवण्याची रीत होती. गावातील संगीत शिक्षकाला ‘मेस्त’ म्हणत आणि त्याचा दराराही मोठा असे.

उद्देश चर्चमधील प्रार्थनासंगीतासाठी गायक-वादक तयार करण्याचा होता. त्यातून गावोगावी कागदावरचे संगीत पाहताक्षणी वाजवू शकणारी माणसे तयार झाली. गोव्यात नोकऱ्या कमी होत्या. ब्रिटिश हिंदुस्थानात मात्र पोलिसांचे आणि लष्कराचे बँड, नृत्यगृहे आणि पुढे चित्रपटसृष्टी यांना नेमके हेच कौशल्य हवे होते. मुंबईत आलेला तरुण धोबी तलाव परिसरातील आपल्या गावाच्या ‘कूड’मध्ये, म्हणजे गावकऱ्यांनी मिळून चालवलेल्या सामायिक निवासात पथारी टाकायचा आणि काम शोधायला निघायचा.

स्विंग म्हणजे नेमके काय?

जॅझ हे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे संगीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यू ऑर्लिन्स शहरात ते आकाराला आले. स्विंग ही त्याची १९३०च्या दशकात बहरलेली शैली. स्विंग या शब्दाचा अर्थच झुलणे. यात एका ठोक्याचे दोन सारखे भाग होत नाहीत. पहिला भाग किंचित लांब आणि दुसरा आखूड असतो. तबल्यातील तिस्र जातीची चाल ऐकलेल्यांना या झोक्याची कल्पना येऊ शकेल. ऐकणाऱ्याचे पाय आपोआप हलतात ते यामुळेच.

स्विंगचा बँड मोठा असतो आणि त्यातील वाद्यांचे तीन गट पडतात. एका बाजूला ट्रम्पेट आणि ट्रोम्बोन ही पितळी वाद्ये, दुसऱ्या बाजूला सॅक्सोफोन आणि क्लॅरिनेट, तर मागे पियानो, गिटार, डबल बास आणि ड्रम यांचा तालविभाग. सॅक्सोफोनचा गट एकत्र मिळून एखादी मऊ, रुंद ओळ वाजवतो आणि ट्रम्पेट मध्येच टोकदार उत्तर देतात. आपल्याकडील सवाल-जवाबासारखाच हा प्रकार. एरवी सगळे कागदावर लिहिलेले असते. एखादा वादक मात्र ठरावीक मापांपुरता उभा राहतो आणि त्या चौकटीत स्वतःची सुरावट तिथल्या तिथे रचतो.

ही शैली घडवण्यात आर्मस्ट्राँग यांचा वाटा मोठा होता. १९२४ मध्ये ते न्यू यॉर्कमध्ये फ्लेचर हेंडरसन यांच्या बँडमध्ये गेले. त्याच बँडमध्ये कोलमन हॉकिन्स हे तरुण टेनर सॅक्सोफोनवादक होते. आर्मस्ट्राँग यांची लयीशी खेळण्याची रीत ऐकून त्या बँडच्या वादनाचा बाज बदलला. पुढे हॉकिन्स यांनी सॅक्सोफोनला जॅझमधील आघाडीचे वाद्य बनवले. १९३५ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये बेनी गुडमन यांच्या बँडला तरुणांनी डोक्यावर घेतले आणि स्विंगचे युग सुरू झाले असे मानले जाते. हे संगीत त्याच सुमारास मुंबईतही पोहोचले होते.

मुंबईत जॅझ कोणी आणले?

तबकड्या आधीपासून येत होत्या. मात्र खरा फरक पडला तो १९३५ मध्ये. त्या वर्षी व्हायोलिनवादक लिऑन अॅबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकी वादकांचा बँड ताजमहाल हॉटेलमध्ये आला. पाठोपाठ ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ यांनी बँडची धुरा घेतली आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड यांचेही येथे येणे झाले. शिकागोचे सॅक्सोफोनवादक रॉय बटलर याच मंडळींमधले. अमेरिकेत वर्णभेदामुळे या कलावंतांच्या वाट्याला जे जगणे येत होते, त्याच्या तुलनेत आशियातील मोठ्या शहरांत त्यांना काम आणि मान दोन्ही मिळत होते. वेदरफर्ड तर परतलेच नाहीत. १९४५ मध्ये कोलकात्यात कॉलऱ्याने त्यांचे निधन झाले.

ताजच्या नृत्यगृहात येणारा श्रोता म्हणजे ब्रिटिश अधिकारी, संस्थानिक, पारशी आणि व्यापारी घराण्यांतील श्रीमंत मंडळी. गिरगावातील किंवा परळमधील माणूस तेथे पोहोचण्याचा प्रश्नच नव्हता. स्थानिक वादकांना मात्र या बँडमुळे जिवंत शाळाच मिळाली. कागदावर लिहिलेले वाजवणे गोवेकरांना येत होते. ठोका कसा झुलवायचा आणि न लिहिलेले कसे वाजवायचे, हे त्यांनी या पाहुण्यांचे ऐकून, त्यांच्या शेजारी बसून शिकून घेतले. पुढे दुसऱ्या महायुद्धामुळे परदेशी वादकांचे येणे घटले आणि त्यांच्या जागी स्थानिक नावे आली. पारशी कुटुंबातील टेनर सॅक्सोफोनवादक रुडी कॉटन, ताजमध्ये दीर्घकाळ बँड चालवणारे सॅक्सोफोनवादक मिकी कोरिया, ट्रम्पेटवादक फ्रँक फर्नांड ही त्यांतील काही ठळक नावे. चिक चॉकलेट याच पिढीतले.

हॉटेलातील दिवस कसे होते?

१९४०च्या दशकात चिक यांचा ‘चिक अँड द म्युझिक मेकर्स’ हा बँड मुंबईत नावाजला गेला. अपोलो बंदरावर ताजशेजारी ग्रीन्स हॉटेल होते. तेथे आणि ताजमध्ये हा बँड वाजे. ग्रीन्सची इमारत आता नाही. त्या जागी ताजचा उंच टॉवर उभा आहे. उन्हाळ्यात श्रीमंत मंडळी थंड हवेच्या ठिकाणी जात. मग बँडही त्यांच्यामागे मसुरीला जाई आणि हिवाळ्यात पुन्हा मुंबईत येई.

युद्धाच्या काळात मुंबई हे दोस्त राष्ट्रांच्या सैन्यासाठी महत्त्वाचे बंदर होते. सुट्टीवर आलेले सैनिक नाचगाण्यासाठी हॉटेलांत गर्दी करत. त्यांना मायदेशी ऐकलेली ताजी गाणी हवी असत आणि बँडला ती चटकन बसवून द्यावी लागत. तबकडी ऐकायची, प्रत्येक वाद्याचा भाग वेगळा करून कागदावर उतरवायचा आणि रात्री तो सफाईने वाजवायचा, हा रोजचा सराव झाला. चित्रपटसंगीताला थोड्याच दिवसांत नेमकी याच कामाची गरज भासणार होती.

चित्रपटसंगीताला या वादकांची गरज का पडली?

भारतात १९३५ च्या सुमारास पार्श्वगायनाचे तंत्र आले. त्याआधी नट स्वतःच गात आणि झाडामागे किंवा कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर दोन-चार वादक बसत. ध्वनिमुद्रण वेगळे होऊ लागल्यावर हवी तितकी वाद्ये घेणे शक्य झाले. १९४०च्या दशकात वाद्यवृंद वाढत गेले. येथे एक अडचण होती. बहुतेक संगीतकार हिंदुस्थानी संगीताच्या परंपरेतून आलेले. ते हार्मोनियमवर उत्तम चाल बांधत. मात्र वीस-तीस वादकांना एकाच वेळी वेगवेगळे काय वाजवायचे हे सांगायचे, तर ते लिहून देणे भाग होते.

ही जागा भरून काढली ती संगीत संयोजकांनी, म्हणजे अरेंजरनी. संगीतकार चाल गाऊन दाखवायचा. संयोजक ती स्वरलिपीत उतरवायचा. सुरुवातीचा वाद्यमेळ, दोन कडव्यांमधील जागा, गायकाच्या ओळीमागे हलकेच चालणारी दुसरी सुरावट हे सगळे भरायचा आणि प्रत्येक वाद्याचा कागद वेगळा करून द्यायचा. हे काम प्रामुख्याने गोवेकरांकडे आले. लाहोरमध्ये बँड चालवणारे आणि फाळणीनंतर मुंबईत आलेले सेबॅस्टियन डिसूझा पुढे शंकर-जयकिशन यांचे संयोजक म्हणून ओळखले गेले. अँथनी गोन्साल्विस आणि फ्रँक फर्नांड यांनीही अनेक संगीतकारांकडे काम केले. दिवसा स्टुडिओ आणि रात्री हॉटेल, असा अनेकांचा दिनक्रम होता.

सी. रामचंद्र आणि चिक यांची जोडी का जमली?

रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, यांचा जन्म १९१८ मध्ये अहमदनगर जिल्ह्यातील पुणतांबे येथे झाला. म्हणजे दोघे जवळपास एकाच वयाचे. एक गोदाकाठचा, दुसरा मांडवीच्या मुलखातला. सी. रामचंद्र यांची बैठक हिंदुस्थानी रागसंगीताची, पण कान चौफेर उघडे. ‘शहनाई’ (१९४७) आणि ‘पतंगा’ (१९४९) या चित्रपटांतील हलक्याफुलक्या, पाश्चात्त्य ठेक्याच्या गाण्यांनी त्यांनी हिंदी चित्रपटात नवे वारे आणले. ‘समाधी’ (१९५०) मधील त्यांचे एक अतिशय गाजलेले गाणे तर हॉलिवूडमधील लॅटिन धाटणीच्या एका गाण्यावर बेतलेले होते.

अशा संगीतकाराला हे संगीत आतून जाणणारा माणूस हवा होता. केवळ ट्रम्पेट वाजवू शकणारे वादक पुष्कळ होते. ट्रम्पेटचा सूर कोठे तुटला की गाणे झुलते आणि कोठे ओढला की ते जड होते, हे रात्रीमागून रात्री नाचणाऱ्या गर्दीसमोर वाजवलेल्यालाच ठाऊक असते. चिक यांच्याकडे ते ज्ञान होते आणि ते कागदावर उतरवण्याची हातोटीही होती. चिक सी. रामचंद्र यांचे सहायक झाले. पुढे मदनमोहन यांच्याकडेही त्यांनी काम केले.

‘अलबेला’त नेमके काय घडले?

१९५१ मध्ये आलेला ‘अलबेला’ हा भगवानदादांचा चित्रपट. भगवान आभाजी पालव यांचे बालपण मुंबईच्या कामगार वस्तीत गेले. मारधाडीचे कमी खर्चाचे चित्रपट करत त्यांनी या धंद्यात पाय रोवले आणि घाटकोपरशेजारच्या चेंबूरमध्ये जागृती स्टुडिओ उभारला. सी. रामचंद्र यांच्याशी त्यांची जुनी मैत्री होती. ‘अलबेला’चा नायक प्यारेलाल हा गरीब घरातला, रंगभूमीची स्वप्ने पाहणारा तरुण. त्यामुळे कथेतच रंगमंचावरील नृत्यगीतांना जागा होती. नायकासाठी सी. रामचंद्र यांनी ‘चितळकर’ या नावाने स्वतः गायन केले, तर नायिकेसाठी लता मंगेशकर यांचा आवाज होता.

रंगमंचावरच्या या गाण्यांत चिक यांचा हात स्पष्ट ऐकू येतो. गायकाची ओळ संपते आणि पुढची सुरू होण्याआधी ट्रम्पेट किंवा क्लॅरिनेट छोटेसे उत्तर देऊन जाते. स्विंग बँडमधील सवाल-जवाब तो हाच. त्याला बोंगोसारख्या तालवाद्यांची, लॅटिन अमेरिकी ठेक्याची जोड आहे. चाल मात्र साधी, गुणगुणता येईल अशी, आपल्या कानाला ओळखीची राहते. एका गाण्यात तर चिक आणि त्यांचे वादक क्यूबाच्या धाटणीच्या वेशात प्रत्यक्ष पडद्यावर आले. एरवी स्टुडिओच्या बंद दारामागे राहणारे वादक प्रेक्षकांना दिसण्याचा हा दुर्मीळ प्रसंग.

चित्रपट तुफान चालला. ज्या संगीतासाठी अपोलो बंदरावरच्या हॉटेलात कोट-टाय घालून जावे लागे, ते काही आण्यांच्या तिकिटात गिरणी कामगाराला ऐकायला मिळाले. भगवानदादांचे नृत्यही याला पूरक होते. अंग फारसे न हलवता खांदा, मनगट आणि पावलांच्या छोट्या हालचालींनी ठेका पकडण्याची त्यांची पद्धत कोणालाही जमण्यासारखी होती. हे संगीत सामान्य माणसाचे झाले, ते या तिघांच्या एकत्र येण्याने.

संगीतकार म्हणून चिक यांना यश का मिळाले नाही?

त्याच १९५१ मध्ये देव आनंद आणि मधुबाला यांचा ‘नादान’ हा चित्रपट आला. त्याचे संगीतकार म्हणून चिक चॉकलेट यांचे नाव होते. यातील तलत महमूद यांनी गायलेले एक संथ, हळवे गाणे जुन्या गाण्यांच्या चाहत्यांना आजही आठवते. ट्रम्पेटचा दणदणाट करणारा हा माणूस इतकी नाजूक चाल बांधू शकतो, याचे ऐकणाऱ्याला आश्चर्य वाटते. त्यानंतर ‘रंगीली’ (१९५२) आणि ‘कर भला’ (१९५६) या चित्रपटांनाही त्यांचे नाव लागले. या तिघांपैकी एकही चित्रपट त्यांना पहिल्या फळीत नेऊ शकला नाही.

याची कारणे त्या काळाच्या पद्धतीत दिसतात. हिंदी चित्रपटात संगीतकाराची ओळख ठरे ती चालीवरून. चाल शब्दांतून उगवते आणि शब्द असत हिंदी-उर्दूचे. गीतकाराबरोबर बैठका मारायच्या, निर्मात्याला घोळात घ्यायचे, गायकाकडून शब्दांचे भाव काढून घ्यायचे, हे सगळे संगीतकाराचे काम. चर्चमधील शाळेत आणि इंग्रजी गाण्यांच्या जगात वाढलेल्या गोवेकरांसाठी हा मुलूख परका होता. त्यातच एक मोठा चित्रपट पडला की पुढचा मिळणे कठीण. सहायकाचे काम मात्र रोज हाताशी होते.

श्रेयाचा प्रश्न काय आहे?

पाश्चात्त्य वाद्यवृंदाचा वापर हे १९५०च्या दशकातील चित्रपटसंगीताचे मोठे वैशिष्ट्य. तरीही श्रेयनामावलीत संयोजकाचे नाव अनेकदा नसे. असलेच तर सहायकांच्या यादीत येऊन झटकन निघून जाई. तबकडीवर गायक, गीतकार आणि संगीतकार यांची नावे असत. साठ वादकांपैकी एकाचेही नसे.

यावर दोन्ही बाजूंनी बोलता येते. चाल हा गाण्याचा प्राण आहे आणि ती संगीतकाराची असते, हे खरे. काय ठेवायचे आणि काय गाळायचे याचा शेवटचा निर्णयही त्याचाच. सी. रामचंद्र यांनी तर पुढे ‘अनारकली’ (१९५३) सारख्या चित्रपटातून पूर्णपणे भारतीय बाजाचे संगीत देऊन आपला आवाका सिद्ध केला. दुसरीकडे, गाणे ऐकताना आपल्याला जे आठवते त्यात सुरुवातीचा वाद्यमेळ आणि कडव्यांमधील तुकडे यांचाही समावेश असतो. ते कोणाच्या डोक्यातून आले, याची नोंदच राहिली नाही, तर पुढच्या पिढीला ते शोधणेही शक्य होत नाही. ‘आशा’ (१९५७) मधील ‘ईना मीना डीका’ या गाण्याच्या शब्दांत कोकणीचा अंश आहे. सी. रामचंद्र यांचे गोवेकर सहायक जॉन गोम्स यांनी तो सुचवला, असे सांगितले जाते. अशा कितीतरी गोष्टी केवळ वादकांच्या आठवणींत राहिल्या.

‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) मधील गाण्यामुळे अँथनी गोन्साल्विस हे नाव देशभर पोहोचले. ते नाव एका खऱ्या माणसाचे, संगीतकार प्यारेलाल यांच्या व्हायोलिनच्या गुरूंचे आहे, हे मात्र बहुतेकांना कित्येक वर्षे माहीत नव्हते. गोवेकर वादकांच्या विस्मरणाचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

मुंबईतील स्विंगला उतरती कळा का लागली?

पहिले कारण राजकीय. १९४७ मध्ये ब्रिटिश गेले, संस्थाने विलीन झाली. नृत्यगृहांचा मोठा आश्रयदाताच नाहीसा झाला. दुसरे कारण कायद्याचे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यामुळे पुढच्या वर्षापासून शहरात कडक दारूबंदी लागू झाली. मद्याच्या विक्रीवर चालणाऱ्या हॉटेलांना आणि क्लबना मोठे बँड परवडेनासे झाले. तिसरे कारण सांस्कृतिक धोरणाचे. तत्कालीन माहिती व नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर यांना पाश्चात्त्य वळणाची चित्रपटगीते हलक्या अभिरुचीची वाटत. त्यांच्या काळात १९५२ नंतर काही वर्षे आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळपास हद्दपार झाली. श्रोत्यांनी मग रेडिओ सिलोनकडे मोर्चा वळवला आणि ‘बिनाका गीतमाला’ घराघरांत गेली.

चौथे कारण खुद्द संगीतातील बदलाचे. अमेरिकेत युद्धानंतर मोठ्या स्विंग बँडची सद्दी संपली होती. जॅझ अधिक गुंतागुंतीचे, बसून ऐकण्याचे संगीत झाले. नाचायला तरुणांनी रॉक अँड रोल जवळ केले. पियानोवादक डेव्ह ब्रुबेक यांनी १९५८ मध्ये आणि ड्यूक एलिंग्टन यांनी १९६३ मध्ये भारताचा दौरा केला तेव्हा जाणकारांची गर्दी झाली. पण हॉटेलात रोज रात्री अकरा-बारा जणांचा बँड पोसण्याचे अर्थकारण परत आले नाही. वादकांसाठी चित्रपटांचे स्टुडिओ हाच मुख्य आधार उरला. ज्यांना तेथे जागा मिळाली ते टिकले.

चिक यांचे निधन झाले तेव्हा हे स्थित्यंतर पूर्ण झाले होते. हिंदी चित्रपटातील पुढचा काळ राहुल देव बर्मन यांच्यासारख्यांचा होता. त्यांच्या गाण्यांत मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन घुमणार होता. ब्रास वाद्यांना चित्रपटगीतात जे मानाचे पान मिळाले, त्याची मांडणी मात्र चिक यांच्या पिढीने आधीच करून ठेवली होती.

चिक केवळ नकलाकार होते का?

आर्मस्ट्राँग यांच्याशी होणारी तुलना चिक यांना प्रसिद्धी देऊन गेली आणि त्यांचे नुकसानही करून गेली. रुमाल, घोगरा आवाज, हावभाव हे सगळे उसने होते, यात शंका नाही. त्या काळच्या हॉटेलमालकांना आणि गिऱ्हाइकांना तेच हवे असे. मात्र त्यांचे स्वतःचे काम शोधायचे तर ते हॉटेलातील वादनापेक्षा स्टुडिओत सापडते. हार्मोनियमवर बांधलेली मराठी माणसाची चाल, उत्तर भारतीय शब्द, लॅटिन ठेका आणि न्यू ऑर्लिन्सहून आलेला ट्रम्पेट हे एकाच साडेतीन मिनिटांच्या तबकडीत बसवायचे आणि कोठेही सांधा दिसू द्यायचा नाही, हे काम आर्मस्ट्राँग यांनी कधी केले नव्हते. त्याचा नमुना कोणाकडेच नव्हता. तो मुंबईच्या स्टुडिओंत तयार झाला.

आज त्यांची आठवण कोठे उरली आहे?

गेल्या काही वर्षांत या वादकांकडे पुन्हा लक्ष वेधले गेले. पत्रकार नरेश फर्नांडिस यांच्या ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ या पुस्तकाने मुंबईच्या जॅझ युगाचा इतिहास वाचकांसमोर आणला. बार्ड्रॉय बार्रेटो यांच्या ‘नाचोंया कुंपासार’ या कोकणी चित्रपटाने गोव्याचे संगीतकार ख्रिस पेरी आणि गायिका लॉर्ना यांच्या काळाची गोष्ट सांगितली. २०१६ मध्ये ‘एक अलबेला’ हा भगवानदादांवरील मराठी चित्रपटही आला. चिक यांच्या वाट्याला मात्र स्वतंत्र चित्रपट किंवा ठळक स्मारक आलेले नाही.

त्यांना शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. ‘अलबेला’ची गाणी मोबाइलवर सहज मिळतात. घाटकोपरहून मेट्रोने निघालेल्या प्रवाशाने कानात इयरफोन घालून एकदा गायकाकडे दुर्लक्ष करावे आणि दोन ओळींच्या मधल्या जागेकडे लक्ष द्यावे. तेथे जो ट्रम्पेट येतो, दोन-चार सूर वाजवून बाजूला होतो आणि पुढच्या ओळीला वाट देतो, त्याच्यामागे हळदोण्याच्या अँटोनियो झेवियर वाझ यांची तालीम आहे.